सांदी भरल्या त्या वर्षी

दिवाळी उलटून आठ-दहा दिवस झाले की एखाद्या सकाळी खिडकी उघडावी आणि तो वास यावा, असं अजून होतं. अंबरनाथ पश्चिमेला चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरात एरवी येतो तो एमआयडीसीचा वास, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नुसताच घशाला लागणारा. पण वारा बदलापूरच्या अंगानं फिरला की त्यात कापलेल्या भाताचा वास असतो. तिकडे शेतं उरलीत कुठे, म्हणाल. इमारतींच्या मधे चार-दोन तुकडे उरलेत, त्यांचाच असणार. सून म्हणते, "बाबा, लावा ना खिडकी, सगळी धूळ आत येतेय." मी हट्टानं उघडी ठेवतो आणि पाच मिनिटांनी मीच उठून लावतो. कापणीचा वास कुणाला नकोसा होतो का? मला होतो.

माझ्या टेबलाच्या खणात एक चाक आहे. पुरीएवढं. मधे सावरीच्या लाकडाचा तुंबा, त्याभोवती सायकलच्या ट्यूबची शिवलेली पिशवी आणि आत सावरीचाच कापूस. बोटानं दाबलं की दबतं, सोडलं की हळूहळू फुगून मूळच्या आकारात येतं. इतक्या वर्षांनी ते हळूहळू जरा जास्तच झालंय, पण येतं. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं कसलंतरी खेळणं. खेळण्याचंच आहे ते, रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाचं. चाळीस वर्षं फिटर म्हणून हातांनी काम केलं, नाना तऱ्हेची चाकं पाहिली, पण याच्याइतकं शहाणं चाक दुसरं नाही. त्याचा दोष एवढाच की ते आठ दिवस उशिरा तयार झालं.

आमचं गाव अंबरनाथपासून चालत दीड तासावर, मलंगगडाच्या बाजूला. लढाईच्या काळात लष्करानं गावची भाताची खाचरं घेतली आणि त्यांवर विमानांसाठी काँक्रीटची धावपट्टी ओतली. कागद काय आले, कुणी अंगठे दिले, हे कळायचं माझं वय नव्हतं. एवढं आठवतं की आमचं मोठं खाचर, ज्याच्यावर आमचं वर्ष निघायचं, ते एका आठवड्यात पांढरं झालं. लढाई संपली, विमानं गेली, गोरेही गेले. काँक्रीट राहिलं. त्याच्या मोठमोठ्या चौकोनी लाद्या, दोन लाद्यांच्या मधे दोन बोटं रुंद सांद, आणि त्या सांदीत पावसाळाभर माजलेलं गवत.

माझ्या बानं मात्र आपलं खाचर हरवू दिलं नाही. धावपट्टीवर उभं राहून तो जांभळाचं झाड आणि डोंगराचं टोक एका रेषेत आणायचा, तिथून सोळा पावलं चालायचा आणि पायाचा अंगठा काँक्रीटवर टेकवून म्हणायचा, "हा आपला बांध." कापणी झाली की उरलेल्या तुकड्यातलं भात तो तिथंच आणून झोडायचा. सगळा गावच तसं करी. काँक्रीट टणक, कोरडं, उन्हानं तापलेलं, खळ्याला याहून चांगली जागा कुठली मिळणार? पण जो तो आपल्याच बुजलेल्या शेतावर झोडी, शेजाऱ्याच्या नाही. कार्तिकात तिथं दिवसभर भारे आपटल्याचा धप धप आवाज असे, वाऱ्यावर कोंडा उडे आणि घामावर भाताची कुसं चिकटून अंगाला खाज सुटे. मी एकदा बाला चिडवलं, की खाली तर काँक्रीट आहे, मग इथं काय न् तिथं काय. तो म्हणाला, "जमिनीला आपल्या भाताची वलख रव्हली पायजे." मी हसलो होतो. तेव्हा मी बऱ्याच गोष्टींना हसायचो.

कारण मी शेतातून निसटलो होतो. अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो. बाला ते आवडलं नव्हतं. माझा विळा त्यानं आढ्याला खोचला आणि पुन्हा काढला नाही. कापणीला शेजारची माणसं बोलवायचा, मला नाही. कारखान्यात सावरीचे ओंडके यंत्रावर फिरत, पात्याखाली सोलले जात आणि कागदासारखे पातळ पापुद्रे निघत. त्यांच्या पेट्या होत. फाटके पापुद्रे बॉयलरमधे जात. ते हातात घेतले की वजनच लागत नसे. ह्याचं काहीतरी उडणारं व्हायला हवं, असं मला वाटायचं, पण काय ते सुचत नव्हतं.

सुचवणारा भेटला उल्हासनगरच्या कॅम्पात. त्याचं नाव तोलाराम. सिंधमधून आलेला, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. लष्कराच्या जुन्या बराकीतल्या एका खोलीत राहायचा आणि रेडिओ दुरुस्त करायचा, अर्ध्या खोलीत दुकान, पडद्यामागे संसार. कारखान्याच्या कॅन्टीनचा बिघडलेला रेडिओ घेऊन मी गेलो होतो. काचा फुटू नयेत म्हणून तो पापुद्र्यांत गुंडाळला होता. तोलारामनं रेडिओकडे पाहिलंच नाही. एक पापुद्रा उचलला, वाकवला, नाकाशी नेला, तळहातावर ठेवून फुंकर मारली आणि विचारलं, "साईं, ये कहाँ से लाया?" मग पडद्यामागे बायकोला, मोतीला, हाक मारून त्यानं पत्र्याची पेटी मागवली. पेटीत कपड्यांच्या घडीत एक इंजिन होतं. लिंबाएवढं. कराचीच्या कुणा गोऱ्या साहेबानं निघताना त्याला दिलेलं. "मकान छूटा, दुकान छूटी, और हम ये ले आया," तो म्हणाला. "मोती आज तक सुनाती है."

"सुनाऊँ नहीं तो क्या करूँ," पडद्यामागून मोती म्हणाली. "तवा छोड़ के आया, ये ले आया."

विमान व्हायला दीड वर्ष लागलं. अंगाला सावरीचे पापुद्रे, पंखांवर पतंगाचा कागद, त्याला तांदळाची खळ आणि वर वॉर्निश. लष्कराच्या भंगारातून मिळालेल्या व्हॉल्व्हांचा एक छोटा रेडिओ तोलारामनं विमानाच्या पोटात बसवला. दुसरा जमिनीवर राही, लाकडी पेटीत, त्याला माणसाहून उंच एरियल आणि एक बटण. एकदा दाबलं की विमान उजवीकडे वळे, पुन्हा दाबलं की डावीकडे. बस, एवढंच. वर-खाली करायची सोयच नव्हती. इंजिनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल. त्याचा वास आधी दवाखान्यासारखा, मग बाळंतिणीच्या खोलीसारखा. इंधन असेपर्यंत विमान आकाशात गुणगुणत फिरे, संपलं की आवाज एकदम थांबे आणि ते आपल्या मर्जीनं खाली येई. उडणं आम्हाला पहिल्या महिन्यात जमलं होतं. उतरणं जमत नव्हतं.

आमच्या पाळीला सुटी गुरुवारी असे. त्या दिवशी तोलाराम सायकलवर आमच्या गावी येई आणि आम्ही धावपट्टीवर विमान उडवत असू. बॅटऱ्यांच्या वजनानं ते जड झालेलं, त्यामुळे जमिनीला टेकायचं ते आपटूनच. पहिले पाय मी सायकलच्या आऱ्यांचे केले, ते पहिल्याच दिवशी वाकले. मग छत्रीच्या काड्यांचे केले. त्या वाकल्या नाहीत, बांधल्या तिथून निसटल्या. शेवटी तोलारामनं ग्रामोफोनच्या स्प्रिंगची पट्टी कापून तिचे पाय केले. विमान आपटलं की ते फाकायचे आणि पुन्हा जवळ यायचे. त्यानंच पाय दोन बोटं पुढे सरकवले, म्हणजे टेकल्यावर विमान नाकावर पडणार नाही. पाय असे सुधारत गेले. चाकं मात्र माझी होती. कारखान्याच्या लेथवर काढलेली, बंद्या रुपयाएवढी, गुळगुळीत, टणक. एवढी सुबक चाकं मी पुन्हा काढली नाहीत. लादीवर ती तेलावरून गेल्यासारखी पळायची, सांद आली की तिच्यात पडायची आणि विमान कोलांटी खायचं. त्या धक्क्यानं पोटातला काचेचा व्हॉल्व्ह जायचा. एकेक करत बहुतेक सगळे गेले. विमानात बसवलेला सोडला तर एकच शिल्लक होता, आणि तो गेला की दुसरा मिळायची आशा नव्हती.

"खड्डा आहे तर भरून टाकू," मी म्हटलं.

तोलारामनं मान हलवली. "नहीं म्हात्रे. चक्का बड़ा करो, नरम करो. जमीन को हाथ मत लगाओ."

"का नको?"

"जमीन हमारी थोड़ी है. जैसी मिले, वैसी पे उतरना है."

मी तेव्हाही आत्ताइतकाच तापट होतो. म्हटलं, "तुमची नसेल. ही माझी आहे. इथं खाली माझ्या बापाचं शेत आहे." हे बोललो तेव्हाच जीभ चावायला हवी होती. ज्याचं सगळंच तिकडे राहिलं त्याला हे ऐकवायचं नसतं. तोलाराम म्हणाला, "तो तेरी मर्ज़ी," आणि विमानाचं पोट उघडून काचेचे तुकडे वेचायला लागला.

इथं मधेच अर्जाचं सांगायला हवं. त्याच साली आषाढात गावानं अर्ज केला होता, की लढाई संपून इतकी वर्षं झाली, आमच्या जमिनी आम्हाला परत द्या. गावात बरं अक्षर माझं, म्हणून लिहिला मी. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे: "सदर धावपट्टीच्या सांदी उघड्या पडून तीत गवत माजले आहे व ती कोणत्याही उपयोगाची राहिलेली नाही." बा माझ्या शेजारी ओटीवर बसून होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अर्ज एकदाच वाचून घेतला, तोही अर्धा, आणि म्हणाला, "सगला खरा लिव, खोटा काय नको." पहिला अंगठा त्याचा. जागा बघायला कुणीतरी अधिकारी येईल असं उत्तर आलं, पण कधी ते त्यात नव्हतं. श्रावण गेला, भादवा गेला, दिवाळी झाली. कुणी आलं नाही. गाव ते विसरून कापणीला लागलं. मी विसरलो नव्हतो, हे इथं लिहून टाकतो. मला अर्ज आठवत होता आणि सांदीही दिसत होत्या, पण या दोन गोष्टी डोक्यात दोन वेगळ्या खणांत होत्या. त्या एकमेकींना लागून आहेत, हे मला दिसलं नाही.

तोलारामनं मऊ चाक करायला घेतलं होतं. मोती ट्यूबची पिशवी शिवत होती, कापूस तिनंच पिंजला होता. "आठ दिन रुक," तो म्हणाला. आठ दिवस. मला ते काढवले नाहीत. ईथरची बाटली तळाला गेलेली, व्हॉल्व्ह एकच उरलेला, आणि एकदा, निदान एकदा, ते विमान माझ्या चाकांवर नीट उतरलेलं मला बघायचं होतं. मंगळवार-बुधवार रजा टाकली आणि खुरप्यानं सांदीतलं गवत उपटायला बसलो.

आईनं घमेल्यात शेण आणून दिलं. तिला वाटलं, पोरगा खळं करतोय. मग बा आला. पाठीशी उभा राहिला. "काय करतंस?"

"सांदी भरतोय."

कशासाठी ते त्यानं विचारलं नाही. उकिडवा बसला, माझ्या घमेल्यातली माती चिमटीत घेतली, चुरडली आणि फेकून दिली. "ही नाय चालाची. वारुलाची आन." वारुळाची माती घट्ट बसते, तडकत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी आणली. त्यात शेण, वर भाताचा कोंडा, पाणी बेतानं. बा सांदीत मूठ दाबून भरायचा, वरून चोपण्यानं चोपायचा, आणि मग शेणकाल्याचा हात असा फिरवायचा की सांद कुठे होती ते बोटालाही कळू नये. मी चोपायला घेतलं की म्हणायचा, "कारकुनावानी नको मारू." दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी ओणवे होऊन सरकत होतो. मागच्या पाच वर्षांत बोलला नसेल इतका तो बोलला. मोठ्या खाचराच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबायचं, कुठल्या बिळात चिंबोऱ्या असायच्या, त्याच्या आईला कुठं पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तरी ती हातातली रोपं लावूनच घरी कशी आली. हे सगळं काँक्रीटवर हात फिरवत. बुधवारी संध्याकाळी काम संपलं तेव्हा लांबलचक पट्टा भरून झाला होता, हिरवट ओला, मावळत्या उन्हात. बा घरी गेला, आढ्याचा विळा काढला, धार बघितली आणि माझ्यासमोर धरला. "परवा कापाया ये."

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दोन दिवस. हे मी कुणाला सांगत नाही, कारण त्याच्या पुढचंही मग सांगावं लागतं.

गुरुवारी दहाच्या सुमारास विमान उडालं. तोलाराम बटणावर, मी मोकळा. तोलारामनं सांदी बघितल्या होत्या आणि एरियल उभारायला घेतलं होतं. विमानानं जांभळावरून दोन फेऱ्या घेतल्या, आवाज थांबला, आणि ते पंख सरळ ठेवून आमच्याकडे यायला लागलं. ग्रामोफोनचे पाय जमिनीला लागले, जरा फाकले, जवळ आले. चाकं पळायला लागली. पहिली सांद गेली, दुसरी गेली, चौथी, सहावी. धक्का नाही, उडी नाही. एखादं माणूस दमून घरी यावं आणि ओटीवर टेकावं, तसं ते हळूहळू थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

टाळ्या वाजल्या त्या पाठीमागून. जीप कधी आली ते इंजिनाच्या आवाजात आम्हाला कळलंच नव्हतं. उतरलेला माणूस तरुण होता, हातात फाइल, चेहरा हसरा. तो सरळ विमानापाशी गेला, गुडघे टेकून बसला, चाक बोटानं फिरवलं. "कुणी केलं हे?" मी म्हटलं, मी. "कमाल आहे. इतकं अलगद?" त्यानं बटण दाबून पाहिलं, शेपटीची पट्टी हलली तसा तो खूश झाला. तोलारामशी हात मिळवला. मग उठला आणि बुटाच्या टोकानं एक भरलेली सांद घासून बघितली. निघाली नाही. लांबवर नजर टाकली. झाडलेली, सपाट, गवताचं पातं नसलेली धावपट्टी.

"ही कोण राखतं?" त्यानं विचारलं.

माझ्या दोन्ही खणांची मधली फळी त्या क्षणी पडली. मी तोंड उघडलं. साहेब, ह्या एवढ्याच लाद्या, कालच भरल्यात, पुढे चला, दाखवतो, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण नुकतंच माझ्या चाकांचं कौतुक झालं होतं, ते तोंडात साखरेसारखं होतं, आणि मला अर्धा क्षण उशीर झाला. तेवढ्यात बा पुढे आला. खांद्यावरचा भारा खाली ठेवून, डोक्याचं फडकं सारखं करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस विचारत होता की ही जागा कोण बघतं.

"आमी राखताव, सायेब," बा म्हणाला. "दरसाल. माती घालताव, चोपताव. ही जागा आमचीच हाय."

अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि फाइलमधे लिहिलं. "उत्तम," तो म्हणाला. "अशीच ठेवा." आणि जीप गेली. त्याला दोष द्यायला मला आवडलं असतं. पण त्यानं दिसलं ते लिहिलं आणि सांगितलं ते लिहिलं. बा किती वेळ जीपच्या धुळीकडे बघत होता. मग माझा दंड धरून म्हणाला, "लिवून घेतला ना त्यानं? आमचीच हाय, त्या लिवला ना?"

"हो," मी म्हटलं.

तोलाराम एरियलची तार गुंडाळत होता. त्याला मराठी सगळं कळायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, तार गुंडाळून झाल्यावरही नाही.

पुढच्या गुरुवारी तो मऊ चाकं घेऊन आला. धावपट्टीवर नाहीच गेलो. ढेकळांच्या, कापलेल्या भाताच्या धसांच्या उघड्या खाचरात उतरवलं विमान. ती चाकं धसांवर दबली, ढेकळावर चढली, खाली आली, फुगली, आणि विमान जरासं डुलत जाऊन बांधापाशी उभं राहिलं. बाटलीतलं शेवटचं ईथर होतं ते. "देखा?" तोलाराम म्हणाला, एवढंच. मी त्याला म्हटलं, मला एक चाक द्या. त्यानं जागच्या जागी काढून दिलं. एका चाकाचं विमान सायकलला बांधून तो गेला. त्यानंतर आम्ही भेटत राहिलो, पण विमान पुन्हा उडवलं नाही.

उत्तर माघात आलं. गावचं टपाल मी कारखान्याच्या पत्त्यावर मागवत असे, त्यामुळे आधी मीच वाचलं, सावरीच्या ओंडक्यांच्या ढिगाआड उभं राहून. धावपट्टी सुस्थितीत असून ग्रामस्थ तिची नियमित देखभाल करतात, सबब जमिनी परत करण्याचा विचार करता येत नाही. चार ओळी. घरी बा ओटीवर वाट बघत होता. मी त्याला वाचून दाखवलं, की जमिनी परत करता येत नाहीत.

"कारन काय लिवलाय?"

"कारण दिलेलं नाही."

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला. उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. "यवडा लांब लिवलाय, न् कारन नाय?"

"सरकारी कागद असाच असतो."

त्याला पटलं. मी सांगतोय म्हटल्यावर त्याला पटायचंच. कागदाची घडी घालून त्यानं ती देवाच्या तसबिरीमागे ठेवली आणि म्हणाला, "परत अर्ज कर. आपुन खला नीट ठेवू. सायेब बोललाय ना, अशीच ठेवा."

आणि त्यानं ठेवली. दर कार्तिकात, कापणीच्या आधी. वारुळाची माती, शेण, कोंडा. पहिल्या वर्षी आमच्या खाचराच्या सांदी, पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्याही. त्यानं गावाला पटवलं की साहेबाला आवडलं होतं, जागा नीट दिसली तर देतील. मी बरोबर बसून चोपत असे. दर दोन वर्षांनी नवा अर्ज लिहीत असे, त्यात सांदींचं वाक्य आता घालता येत नव्हतं. उत्तर आलं की कारण आपल्यापुरतं वाचत असे. सांगायला हजार वेळा तोंड उघडलं. पण सांगायचं ते काय? तुझ्या हातांनीच बुजवलंस बा, असं? तू "आमचीच" म्हणालास त्यानंच गेली, असं? ते दोन दिवस, तो विळा, ते सगळं मग परत घ्यावं लागलं असतं. मी भित्रा आहे. तापट माणसं पुष्कळदा असतात.

तोलारामपाशी एकदा बोललो. तो एका रेडिओची धूळ ब्रशनं झाडत होता. ऐकून घेतलं. म्हणाला, "मेरी माँ हर हफ़्ते पूछती है, उधर घर का क्या हुआ. मैं बोलता हूँ, अम्मा, किरायेदार अच्छा मिला है, आँगन में झाड़ू लगाता है." ब्रश खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "मैं तुझे क्या बोलूँ, म्हात्रे." मोतीनं चहा आणून ठेवला आणि आम्ही तो प्यालो.

सातव्या वर्षी बा अंथरुणाला लागला. छातीत कफ, बोलताना धाप. कापणी आली. रोज सकाळी तो मला बोलवायचा. "सांदी भरल्यास?" मी म्हणायचो, आज भरतो. त्या साली पाऊस दांडगा झाला होता. एका सकाळी घमेलं घेऊन एकटा गेलो आणि बघतच राहिलो. दोन लाद्या वर उचलल्या गेल्या होत्या, सांदीतलं गवत मांडीएवढं झालं होतं. अजून एक-दोन पावसाळे असेच जाऊ दिले, तर माझ्या अर्जांना जमलं नाही ते गवताची मुळं करतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. काहीही न करता नुसतं घरी जायचं होतं. बा काही बघायला येणार नव्हता. जांभूळ आणि डोंगर एका रेषेत आणून, सोळा पावलं चालून, मी आमच्या बांधावर बसलो. ऊन तापलं. शेजारी लोक भारे आपटत होते.

खरं सांगायचं तर विचार असा काही केला नाही. गवत उपटलं, माती कालवली आणि भरायला लागलो. कारकुनासारखं नाही, नीट, मूठ दाबून, त्यानं शिकवल्यासारखं. आमच्या खाचरापुरत्या सगळ्या सांदी भरून झाल्या तेव्हा दुपार कलली होती.

घरी आलो तेव्हा बा जागा होता. त्यानं विचारलं नाही. नुसता हात पुढे केला. मी माझा हात त्याच्या हातात दिला. त्यानं तो नाकाशी नेला, शेणाचा वास घेतला, मग नखांतली वारुळाची माती अंगठ्यानं चाचपून बघितली.

"ब्येस," तो म्हणाला. "आता देतील."

मी हो म्हटलं आणि हात धुवायला मागच्या दारी गेलो.